झोपेतला श्वास रेकॉर्ड करताना
खानापूरकडं कुणाच्या घरी रात्रभराचं रेकॉर्डिंग लावणार असाल तर आधी नेलपॉलिश पुसायला सांगा की हो, नाहीतर बोटाच्या ऑक्सिमीटरचं रीडिंग चुकू शकतंय. श्वासाची हालचाल टिपणारा एक बेल्ट छातीला, एक पोटाला, नाकात कॅन्युला (नाकातली हवा टिपायला), तिची नळी गालावर टेपनं चिकटवा, कूस बदलली की हमखास निसटतीया. हवा 10 सेकंद किंवा जास्त थांबली आणि बेल्ट हलतच राहिले तर घसा बंद झालाय, दोन्ही बेल्टच्या रेघा सपाट असल्या तर मेंदूकडनं श्वासाचा हुकूमच आला नाही (किंवा बेल्ट सुटलाय, तेबी बघा). ऑक्सिमीटरचं अ‍ॅव्हरेजिंग (किती सेकंदांची सरासरी दाखवायची ते) 3 सेकंदांच्या वर नको, ऑक्सिजनचे छोटे डिप, म्हणजे थोडा वेळ खाली येणं, गायब होतात. सगळ्या मशीनची घड्याळं आधी जुळवा! आमचं एक मागं होतं, घोरणं कुठलं न् डिप कुठला जुळवण्यात दोन दिवस गेले. आणि बॅटरी फुल पाहिजे, पावसात लाईट जातीयाच.