पेरी मेसन वाचायचा तर पेन्सिल हाताशी ठेवा

पेरी मेसन म्हणजे अमेरिकन लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांच्या रहस्यकथांमधला बचावाचा वकील. माझ्या पुतण्याने त्याची एक कादंबरी नेली, दुसऱ्या दिवशी परत आणून दिली आणि म्हणाला, "आत्या, खुनी कोण ते मला आधीच कळलं होतं." मला वाईट वाटलं. खुनी ओळखण्यासाठी ही पुस्तकं वाचली तर त्यांतला निम्मा आनंद हातून निसटतो. मी कोर्टात स्टेनो होते. गोव्यातल्या डिचोलीहून रोज बसने जायचे आणि दिवसभर साक्षी टाइप करायचे. वडिलांच्या पत्र्याच्या पेटीतले मेसन मी नोकरी लागल्यावर पुन्हा काढले, आणि तेव्हा ते मला खरे समजले. पुतण्याला सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी उलटतपासणी म्हणजे काय ते नीट समजून घ्या. ज्या बाजूने साक्षीदार आणला, ती बाजू आधी विचारते, ती सरतपासणी. तिथे सूचक प्रश्न चालत नाहीत. "तुम्ही दहा वाजता आरोपीलाच पाहिलंत ना?" असं वकिलाने उत्तर तोंडात घालायचं नाही. मग समोरची बाजू विचारते, ती उलटतपासणी; तिथे मात्र ते चालतं. हा फरक आपल्याकडेही आहे आणि मेसनच्या कॅलिफोर्नियातही. म्हणून सरकारी वकील विचारत असताना साक्षीदार स्वतःहून किती बोलतो ते बघा आणि मेसन उठला की प्रश्नातच किती भरलंय ते बघा.

एका शब्दाने काय होतं ते मी स्वतः पाहिलंय. साक्षीदार कोकणीत बोलत होता. ओळखीबद्दल विचारल्यावर म्हणाला, "तोच आशिल्लो, दिसता." म्हणजे तोच होता, असं वाटतं. न्यायाधीश साहेबांनी इंग्रजीत उत्तर सांगितलं, मी टाइप केलं: तो तिथे होता. 'दिसता' कुठेच आलं नाही. बचावाचे वकील शांतपणे उठले आणि म्हणाले, साक्षीदार शेवटी एक शब्द बोललाय, तो नोंदवून घ्यावा. साहेबांनी साक्षीदाराला पुन्हा विचारलं, ओळ दुरुस्त झाली. त्या 'दिसता'वर पुढची अर्ध्या तासाची उलटतपासणी उभी राहिली: उजेड किती होता, अंतर किती होतं, चेहरा पाहिलात की नुसता शर्ट? त्या दिवसापासून मेसनच्या पुस्तकात साक्षीदार 'मला वाटतं' म्हणाला की माझी पेन्सिल आपोआप खाली येते.

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तीन रकाने आखा: वेळ, वस्तू आणि 'हे कोणी सांगितलं'. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मेसनचं अशील पहिल्या प्रकरणात येतं तेव्हा बहुतेकदा काहीतरी लपवतं, त्यामुळे तिथे लिहिलेली प्रत्येक गोष्ट 'अशिलाने सांगितली' एवढीच धरायची. वस्तूच्या रकान्यात पिस्तूल कोणाकडून कोणाकडे गेलं ते लिहीत जा. आमच्याकडे मुद्देमाल कापडात शिवून, लाखेचं सील करून, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून यायचा. त्या चिठ्ठीचं महत्त्व काय, हे या कादंबऱ्या वाचताना कळतं, कारण तिथे हत्यार सील होण्याआधीच चार हातांतून फिरलेलं असतं.

वेळेचं म्हणाल तर अब्राहम लिंकनचा खटला आठवा. १८५८ साली इलिनॉयमध्ये ते डफ आर्मस्ट्राँगच्या बचावाला उभे होते. साक्षीदार म्हणाला, चंद्राच्या उजेडात मारताना पाहिलं. लिंकननी पंचांग पुढे ठेवलं: त्या रात्री त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आर्मस्ट्राँग सुटला. आपल्या भिंतीवर कालनिर्णय असतंच. कादंबरीत कोणी 'चांदण्यात दिसलं' म्हणाला की तिथी विचारायची सवय लावा.

अर्ल स्टॅन्ली गार्डनर स्वतः वकील होते. १९११ मध्ये त्यांना सनद मिळाली. ऑक्सनार्डमध्ये त्यांनी चिनी अशिलांचे खटले चालवले, तेही त्या गावात चिनी माणसाच्या बाजूने उभं राहायला फारसं कोणी तयार नसताना. पुढे १९४८ पासून त्यांनी 'कोर्ट ऑफ लास्ट रिझॉर्ट' नावाचा उपक्रम चालवला. चुकून शिक्षा झालेल्या माणसांची प्रकरणं त्यात पुन्हा तपासली जायची. मेसन अशिलाला सोडत नाही, तोच हट्ट इथे दिसतो. मला या पुस्तकांत सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. सगळे पुरावे एका माणसाकडे बोट दाखवत असताना त्याच्या शेजारच्या खुर्चीवर कोणीतरी बसलेलं असतं.

ऐंशीहून जास्त कादंबऱ्या आहेत; क्रमाने वाचायची गरज नाही. १९३३ ची पहिली मात्र आधी घेऊ नका, तिच्यात कोर्टातला खटलाच नाही. चाळीस-पन्नासच्या दशकातली कुठलीही घ्या. तोवर मेसनची सेक्रेटरी डेला स्ट्रीट, खाजगी गुप्तहेर पॉल ड्रेक, सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर आणि पोलिसांतला लेफ्टनंट ट्रॅग सगळे आपापल्या जागी बसलेले असतात. बर्गरला मूर्ख समजू नका. त्याची गोष्ट जुळलेली असते, फक्त तिच्यातली एकच खुंटी सैल असते. ती कुठली, हे शोधायचं.

एक गोष्ट आपल्या वाचकाला अडते. बरेचदा मेसन ज्युरीपुढे नसतोच. ती प्राथमिक सुनावणी असते आणि आरोपीला खटल्यासाठी पाठवण्याइतका पुरावा आहे का, एवढंच न्यायाधीश पाहतात. मेसन तिथेच डाव उलटवतो. आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनंतर फौजदारी खटल्यांत ज्युरी उरलीच नाही, त्यामुळे हे प्रसंग आपल्याला उलट जास्त ओळखीचे वाटतात: एक न्यायाधीश, दोन वकील, पिंजऱ्यात साक्षीदार.

कोर्टाचं प्रकरण सुरू होण्याआधी पुस्तक मिटा. एक रात्र जाऊ द्या. आपले तीन रकाने वाचा आणि स्वतःला विचारा, मी मेसन असते तर पहिला प्रश्न कोणाला विचारला असता? मग उलटतपासणी मोठ्याने वाचा, शक्यतो दोघांनी. आम्ही पावसात वीज गेली की बाल्कांवावर, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर, बसतो. पुतण्या बर्गर होतो, मी मेसन, आणि वहिनी न्यायाधीश. बर्गर हरकत घेतो: गैरलागू, असंबद्ध, बिनमहत्त्वाचं! तिथे पुढच्या ओळीवर हात ठेवायचा. हरकत मंजूर की नामंजूर ते वहिनी कारणासकट सांगते, आणि मगच हात उचलायचा. परवा तिने नामंजूर केली, पुस्तकातल्या न्यायाधीशाने मंजूर, आणि त्यावर आमचा वाद चहा निवेपर्यंत चालला होता.