घरातला उंदीर सापळ्यात कसा पकडावा

उंदीर सापळ्यात येत नाही म्हटलं की आपण आमिष बदलत बसतो. चूक बहुतेक वेळा आमिषात नसते, जागेत असते. मी पहिल्यांदा सापळा लावला तो स्वयंपाकघराच्या मधोमध, मोकळ्या फरशीवर. तीन रात्री त्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. चौथ्या रात्री तोच सापळा, त्याच आमिषासकट, फ्रिजमागे भिंतीला टेकवून ठेवला आणि पहाटेच्या आत चाप पडल्याचा आवाज आला.

घरातल्या लहान उंदराची नजर अधू असते. मिशा भिंतीला लावत, कडेकडेने, रोज त्याच वाटेने तो पळतो. मोकळ्यावर यायला तो घाबरतो. त्यामुळे आधी त्याची वाट शोधायची.

टॉर्च घेऊन ओट्याखाली, सिंकच्या पाइपाजवळ, कपाटांच्या मागे बघा. लहान उंदराच्या लेंड्या ३ ते ६ मिलिमीटर लांबीच्या, काळ्या, टोकाला निमुळत्या असतात. दीड सेंटिमीटरच्या आसपास असतील तर तो मोठा उंदीर आहे आणि त्याला मोठाच सापळा लागेल. खात्री होत नसेल तर संशयाच्या जागी रात्री टाल्कम पावडरचा अगदी पातळ थर भुरभुरवा. सकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पाहा. पुढच्या पंजाची चार बोटं, मागच्याची पाच आणि कधी कधी मधून गेलेली शेपटीची बारीक रेघ, इतकं स्पष्ट दिसतं. ही वाट सापडली की निम्मं काम झालं.

आता घरातलं बाकीचं खाणं बंद करा. दिवसाला साधारण ३ ग्रॅम अन्न त्याला पुरतं, म्हणजे ओट्यावरचा चुराही चालतो. झाकणं घट्ट लावा, कचरा रात्री बाहेर काढा, पाळीव प्राण्याची वाटी उचला. सामान मात्र हलवू नका. फर्निचर सरकवलं की त्याची वाट बदलते आणि शोधाशोध पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

सापळा कुठला घ्यावा? माझ्या मते चापाचा साधा सापळा. अमेरिकेत विल्यम हुकर यांनी १८९४ साली पेटंट घेतलं त्या रचनेत आजही फारसा बदल झालेला नाही. स्प्रिंग जोरकस असेल तर उंदीर जागीच मरतो. मारायचा नसेल तर पिंजरा लावा, पण सकाळ-संध्याकाळ न चुकता तपासा, नाहीतर बिचारा आत तहानेने आणि भीतीने मरतो. जवळच सोडलेला उंदीर परत येऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. चिकट पॅड कृपा करून वापरू नका. त्यावर अडकलेला जीव तासन्‌तास धडपडत राहतो. इंग्लंडमध्ये ३१ जुलै २०२४ पासून सर्वसामान्य नागरिकांना उंदरांसाठी ते वापरायला कायद्याने बंदी आहे. विषाचा त्रास वेगळा: उंदीर भिंतीच्या पोकळीत जाऊन मरतो आणि वास कित्येक दिवस जात नाही.

आमिष वाटाण्याएवढंच ठेवा. मोठा गोळा ठेवला तर कडेकडेने चाटून साफ होतो आणि चाप पडतही नाही. सकाळी सापळ्यावरची आमिष लावायची पट्टी लख्ख पुसलेली दिसली तर तेच घडलंय असं समजा. पीनट बटर पट्टीच्या खाचेत बोटाने दाबून भरा, म्हणजे काढायला त्याला जोर लावावा लागेल. पट्टीला कापसाचा पुंजका दोऱ्याने घट्ट बांधला तरी चालतो. घरटं बांधणारी मादी तो ओढायला येते. आमिष आधी लावायचं, चाप नंतर ताणायचा. उलट केलंत तर बोट जाईल.

सापळा भिंतीशी काटकोनात ठेवा, आमिषाची बाजू भिंतीला चिकटलेली. दोन-दोन मीटरवर एक, असे निदान सहा एकाच रात्री लावा. लहान उंदीर बिळापासून फार तर आठ-नऊ मीटर फिरतो आणि नवी वस्तू दिसली की हुंगायला येतो, म्हणून पहिल्या दोन-तीन रात्रीच सगळ्यात जास्त सापडतात. मोठा उंदीर मात्र नव्या वस्तूला बुजतो. त्याच्यासाठी काही दिवस चाप न ताणता नुसतं आमिष ठेवावं लागतं. लहान मुलं किंवा मांजर घरात असेल तर सापळा दोन्ही बाजूंना भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा.

एक सापडला म्हणून सापळे उचलू नका. मादी तीन आठवड्यांत विते आणि एका वेळी पाच-सहा पिल्लं सहज होतात.

मेलेला उंदीर हातमोजे घालूनच उचला. लेंड्या कोरड्या झाडू नका, त्यांची धूळ श्वासातून आत जाते आणि हंतासारखे विषाणू अशाच धुळीतून पसरतात. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने पुसा.

बाहेरून येणाऱ्या फटीही बुजवा. पेन्सिल जाईल एवढी, म्हणजे ६ मिलिमीटरची फट त्याला पुरते. तारेची घासणी फटीत ठासून वरून सिमेंट किंवा सीलंट लावा; नुसता फोम तो कुरतडतो.

मग तीच टाल्कम पावडर पुन्हा भुरभुरवा. सलग आठ-दहा दिवस ती कोरी राहिली की सापळे उचला, फ्रिजमागचा एक तेवढा राहू द्या.