क्लबच्या आवाजाची सुनावणी: जाण्याआधी काय काय हाताशी हवं

क्लबच्या आवाजावरच्या उपविधीचा, म्हणजे स्थानिक नियमाचा, नवा मसुदा समितीपुढे सुनावणीला येतो, तेव्हा त्रास होणाऱ्या रहिवाशांनी काय न्यावं, त्याची ही यादी. सगळ्यात आधी एक वही. आवाज मोजायचा मीटर नंतर. वही उशाशी ठेवा आणि किमान तीन-चार आठवडे लिहीत राहा: तारीख, आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, कुठल्या खोलीत, खिडकी उघडी की बंद, आणि नेमकं काय ऐकू आलं. हा शेवटचा रकानाच खरा कामाचा. ‘फार आवाज होता’ एवढंच लिहिलं असेल तर समिती पान उलटते. ‘खिडकी बंद, गाण्याचे शब्द कळत नाहीत, नुसता बेसचा ठेका, कपाटाची काच झणझणते’ असं लिहिलं तर थांबते. शब्द कळत असतील तर आवाज बहुधा दारं, खिडक्या, एक्झॉस्टच्या भोकांतून निसटतोय. नुसता ठेका येत असेल तर तो भिंतीतून, छतातून येतोय. मध्येच अर्धा मिनिट आवाज उसळून पुन्हा दबत असेल, तर कुणीतरी सिगारेट ओढायला मागचं दार उघडतंय. आणि गाणं बंद झाल्यावरचा रस्त्यावरचा गलका, गाड्यांचे हॉर्न, हे वेगळंच दुखणं. ते वेगळ्या पानावर लिहा, कारण त्याला कलमही वेगळं लागतं.

मग सध्याचा उपविधी काढा आणि डेसिबलपुढे कोणतं अक्षर आहे ते बघा. बहुतेक वेळा ‘ए’ असतं, आणि बहुतेक तक्रारी तिथेच मरतात. ए-वेटिंगमध्ये मीटर खालचे स्वर मुद्दाम कमी धरतो: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा. सी-वेटिंगमध्ये त्याच ठिकाणी एक डेसिबलसुद्धा वजा होत नाही. क्लबचा बेस नेमका या पट्ट्यात आणि त्याच्याही खाली वाजतो. म्हणून अधिकारी येतो, मीटर बघतो, ‘मर्यादेत’ असं लिहून जातो, आणि इकडे गादीत धडधड चालूच. मसुद्यात दोन गोष्टी मागा: मोजणी तक्रारदाराच्या घरात, आणि खालच्या पट्ट्यांसाठी स्वतंत्र मर्यादा. ‘असं कुठे असतं का’ म्हणणाऱ्यासाठी न्यूयॉर्क शहराच्या ध्वनिसंहितेची प्रत ठेवा. तिथे व्यावसायिक संगीतासाठी घराच्या आत ४२ डेसिबल (ए) ही मर्यादा आहे, आणि ६३ ते ५०० हर्ट्झमधल्या कोणत्याही एक-तृतीयांश अष्टक पट्ट्यात (म्हणजे स्वरांच्या एका अरुंद तुकड्यात) ४५ डेसिबलची वेगळी. आकडे तेच हवेत असा हट्ट नको. रचना उचलण्यासारखी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाचा २००९ चा ४० डेसिबलचा आकडा सगळेच फडकावतात. तो घराबाहेरच्या रात्रीच्या आवाजाची वर्षभराची सरासरी आहे. एका शनिवारच्या मोजणीसमोर तो ठेवलात तर क्लबचा वकील पहिल्याच मिनिटाला तुम्हाला पकडेल.

मोबाइलवरचं ॲप वेळा टिपायला ठीक, पुरावा म्हणून नाही. मोजणी क्लास-१, म्हणजे वरच्या अचूकतेच्या मीटरने, आधी आणि नंतर कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज काढून मीटर तपासणारं उपकरण) लावून. क्लब बंद असलेल्या रात्री त्याच वेळी, त्याच खोलीत दुसरी मोजणी हवीच, आणि दोन्ही वेळा फ्रिज बंद. त्याची घरघर आकड्यात मिसळते. दोन्हींत ३ डेसिबलहून कमी फरक निघाला तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. १० च्या वर निघाला तर पार्श्वभूमीच्या आवाजासाठी दुरुस्तीचीही गरज नसते.

तुमची इमारत आधीची की क्लब आधीचा? दोन्हींच्या परवानग्यांच्या तारखा काढून ठेवा, हा प्रश्न येणारच. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय नियोजन चौकटीने २०१८ मध्ये हे तत्त्व घेतलं: जो नंतर आला, त्याने आवाज अडवण्याची तजवीज करावी. क्लब आधीचा असेल तर रोख बिल्डरकडे वळवा. मला हे न्याय्य वाटतं, जरी आमच्या बाजूच्या काहींना ते अजून पटलेलं नाही.

मागण्या लिहिताना ‘क्लब बंद करा’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी परवान्याच्या अटी मागा: सील केलेला लिमिटर (आवाज ठरलेल्या पातळीवर जाऊ न देणारं यंत्र), दोन दारांची लॉबी, सबवूफर (बेसचा स्पीकर) जमिनीपासून रबरी पायांवर उचललेला, मागचं दार रात्री फक्त आणीबाणीसाठी. आणि सगळ्यात चिवटपणे हे विचारा की रात्री दोन वाजता फोन कोण उचलणार आणि मीटर घेऊन कोण येणार. मोजणारा माणूस सकाळी दहाला कामावर येत असेल तर बाकी कलमांवर वेळ घालवू नका, आधी रात्रपाळीची तरतूद लिहून घ्या. दंडही तपासा, एका रात्रीच्या गल्ल्यापेक्षा तो कमी असेल तर मालक तो भाड्यात धरतो.

बोलायला प्रत्येकाला थोडीच मिनिटं मिळतात, म्हणून मुद्दे शेजाऱ्यांत वाटून घ्या आणि वह्यांच्या प्रती सदस्यांइतक्या काढा. रेकॉर्डिंग नेणार असाल तर स्पीकरही न्या. मी एकदा लॅपटॉपवर लावलं होतं. लॅपटॉपच्या स्पीकरमधून बेस निघतच नाही. समितीला ऐकू आलं ते आमच्या पंख्याचं करकरणं, आणि क्लबचा मालक हसून म्हणाला, ‘तेल घाला की.’