इंजिन बदलायचं की लाइन चालू ठेवायची?

अनेक वर्षं प्रोडक्शन प्लॅनिंग केल्यामुळे विमानाच्या नव्या इंजिनाची अश्वशक्ती मी सगळ्यात शेवटी बघतो. आधी विचारा, जुन्या सांगाड्यात किती हात घालावा लागेल? माउंट (इंजिन बसवायची चौकट), रेडिएटर, प्रोपेलर, वजनाचा तोल. प्रत्येक बदलाला नवे जिग (भाग जुळवताना जागेवर धरणारे साचे) लागतात आणि तेवढे दिवस विमानं बाहेर पडत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं, स्पिटफायरचंच घ्या. त्याची मॉडेलं ‘मार्क’ क्रमांकाने ओळखतात. मार्क ३ कागदावर सरस, पण त्याचं दोन वेगांच्या सुपरचार्जरचं (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप) मर्लिन २० इंजिन बनवायला किचकट, वर हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानालाही तेच हवं. म्हणून १९४१ मध्ये साधं मर्लिन ४५ जुन्याच सांगाड्यात बसवून मार्क ५ काढलं. त्याच वर्षी जर्मनीचं फॉक-वुल्फ १९० हे लढाऊ विमान समोर आलं आणि मार्क ५ मागे पडलं. तरीही नीट फेररचना केलेलं मार्क ८ तयार होईपर्यंत कोणी थांबलं नाही. नवं मर्लिन ६१ इंजिन मार्क ५ च्याच सांगाड्यात घालून जुलै १९४२ मध्ये मार्क ९ लढाईत उतरवलं. हे ‘तात्पुरतं’ मॉडेल पुढे मार्क ८ पेक्षा कितीतरी जास्त बनलं. (तात्पुरत्या गोष्टी अशाच मुक्काम ठोकतात!)

शत्रू वरचढ नसेल, तर छोटे बदल साठवून एकदाच करा. आणि हिशेबात सुटे भाग आणि मेकॅनिकचं प्रशिक्षण धरायला विसरू नका.