फेरफार वाचलास का?

सनद हातात पडली तेव्हा वकिली म्हणजे बोलणं, असा माझा ठाम समज होता. तालुक्याच्या कोर्टात मी माझे सीनियर वकील भाऊ यांच्या टेबलाशी जाऊन बसलो आणि त्यांनी पहिले चार महिने मला तोंडच उघडू दिलं नाही. रोजनामा उतरवून आण, नकलेचा अर्ज दे, बेलिफासोबत समन्स बजावायला जा. ही शेवटची कामगिरी मला अपमानाची वाटायची. पण पत्त्यात वाडीचं नाव लिहायचं राहिलं की बेलीफ हात हलवत परत येतो आणि तारीख फुकट जाते, हे मी त्याच्या मोटारसायकलवर मागे बसूनच शिकलो.

पहिला दावा मी लिहिला तो वाटपाचा. वादी धाकटा भाऊ, प्रतिवादी थोरला. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून दोघांचीच नावं. रात्रभर जागून बारा पानं खरडली, सोबत मनाई हुकमासाठी निशाणी ५ चा अर्ज. भाऊंनी दावा उघडलाच नाही. सातबारा उचलला आणि 'इतर अधिकार'च्या रकान्यात, गोलातल्या एका आकड्यावर, म्हणजे फेरफाराच्या (हक्क बदलल्याच्या नोंदीच्या) क्रमांकावर बोट ठेवलं.

"हा फेरफार वाचलास का?"

नव्हता वाचला.

"मग बारा पानं कशाच्या जोरावर लिहिलीस?"

तलाठ्याकडून गाव नमुना ६ ची, म्हणजे फेरफार नोंदवहीची नक्कल काढली. वडील वारल्यानंतरची वारस नोंद. दोन मुलगे आणि तीन मुली. मुलींची नावं इतर अधिकारात सरकवलेली. अशिलाला विचारलं तर तो म्हणाला, "बहिणी नांदायला गेल्या की सायेब, त्यांचा काय संबंध?"

संबंध होता. वाटपाच्या दाव्यात प्रत्येक हिस्सेदार आवश्यक पक्षकार असतो. एक जरी सुटला तरी समोरचा वकील कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात, पहिला मुद्दा तोच घेणार. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्शात मुलगी वारस होतीच. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही ती मुलासारखीच जन्माने सहदायाद, म्हणजे हिस्सेदार झाली. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही. पण माझ्या दाव्यात तर बहिणींचा उल्लेखसुद्धा नव्हता.

तेव्हापासून आजच्या सातबाऱ्यावरून मी दावा लिहीत नाही. एकेक फेरफार मागे मागे वाचत जातो, पहिल्या नोंदीपर्यंत. नव्यांनीही तसंच करावं. फक्त फेरफाराने मालकी मिळत नाही, हे विसरू नका. ती महसुलासाठीची नोंद. मालकी खरेदीखतातून, वारशातून, वाटपातून येते. फेरफार माग दाखवतो, एवढंच. आणि तुमचा अशील प्रतिवादी असेल तर समन्स बजावल्याची तारीख त्याच दिवशी डायरीत लिहा: कैफियतीला ३० दिवस, कोर्टाने मुदत वाढवली तर ९० पर्यंत. भाऊ ही तारीख लाल शाईने लिहायचे.

ते माझ्याहून सोळा वर्षांनी मोठे, तरी दुपारी टपरीवर चहा घेताना कोण सीनियर आणि कोण ज्युनिअर, ते परक्याला कळलं नसतं. फी मागायला मात्र ते मला शिकवू शकले नाहीत. त्यांनाच ती मागता येत नव्हती. हे तुम्ही दुसऱ्या कुणाकडून तरी शिका.

गेल्या पावसाळ्यात भाऊ गेले. त्यांचे बरेचसे अशील माझ्याकडे आले. आधीचा वकील बदलताना नव्या वकीलपत्रावर त्याची 'ना हरकत' सही घ्यावी लागते. वकील हयात नसेल तर ती लागत नाही. पहिलं वकीलपत्र भरलं तेव्हा सवयीने ती जागा मोकळी सोडून मी कागद पुढे सरकवला. कारकुनाने तो उलटा फिरवून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, "इथं लिहा वकीलसाहेब, 'वकील मयत'." मी लिहिलं. तसे अजून एकोणचाळीस कागद भरायचे होते.