युरोपातल्या फायनान्स नोकऱ्यांच्या पगारांची तुलना कशी करावी

व्हिएन्नाची ऑफर महिना ३,००० युरो, ॲमस्टरडॅमची ३,२००. जास्त पगार व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियात सहसा वर्षाला १४ पगार मिळतात, म्हणजे ४२,००० युरो. नेदरलँड्समध्ये १२ पगार आणि वर ८ टक्के सुट्टीभत्ता, म्हणजे ४१,४७२. शिवाय ऑस्ट्रियात त्या जादा दोन पगारांवर कर जेमतेम ६ टक्के लागतो.

म्हणून आधी सगळे आकडे वार्षिक, करपूर्व करून घ्या. स्पेन, पोर्तुगाल, इटलीतही तेरावा-चौदावा पगार असतो. एचआरला सरळ विचारा: वर्षाची रक्कम किती, किती पगारांत, सुट्टीभत्ता आणि बोनस त्यातच धरलाय का? बोनसची हमी नसेल तर तो बेरजेत घेऊच नका. ऑस्ट्रियातल्या जाहिरातीत किमान पगार छापणं कायद्याने बंधनकारक आहे. तो फक्त किमान आकडा असतो, तिथून बोलणी सुरू होतात.

मग हातात येणारी रक्कम. लंडनमध्ये ३५,००० पौंडांवर २०२५-२६च्या दरांनी ४,४८६ प्राप्तिकर आणि १,७९४ नॅशनल इन्शुरन्स (सामाजिक सुरक्षेचा हप्ता) जातो. महिना साधारण २,३९३ उरतात, पेन्शनची कपात वेगळी. जर्मनीसाठी कॅल्क्युलेटरमध्ये अविवाहितांनी करवर्ग १ निवडावा आणि चर्च टॅक्सची (चर्चच्या नोंदणीकृत सदस्यांना लागणारा कर) खूण तपासावी.

सगळ्यात फसवतं ते स्वित्झर्लंड. जर्मनीत आरोग्यविमा पगारातूनच कापला जातो. स्विस पगारातून नाही. तो सक्तीचा हप्ता आपणच भरायचा, त्यामुळे झ्युरिकचा 'नेट' आकडा उगाच गुबगुबीत दिसतो. तिथे पेन्शनची बचत चोविसाव्या वाढदिवसानंतरच्या १ जानेवारीपासून कापली जाते, म्हणजे कोवळ्या वयात हातात येणारा पगार पुढे थोडा घटतो.

यातून भाडं वजा करा, आणि तेही शहराचं. युरोस्टॅटचा (युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था) किंमतपातळी-निर्देशांक अख्ख्या देशाचा असतो. म्युनिकला तो लावून उपयोग नाही. जर्मन जाहिरातीत 'काल्ट' भाडं म्हणजे हीटिंग वगळून, तुलनेला 'वार्म' घ्या. ब्रिटनमध्ये काउन्सिल टॅक्स (पालिकेचा घरकर) भाड्यात आहे का पाहा.

रुपयांत गुणून पाहायचा मोह होतोच. घरी पाठवायच्या रकमेपुरताच तो आकडा कामाचा. आणि डच '३० टक्के' करसवलत (पगाराचा काही भाग करमुक्त) हिशेबात धरण्याआधी थांबा: ती परदेशातून भरती झालेल्यांसाठी आहे, तिथेच मास्टर्स करून नोकरीला लागलेल्यांना सहसा मिळत नाही.