बन्सेन बर्नर स्वतःच्या हाताने कसा वापरावा

अजूनही काही शाळांत लॅबमधला गॅसचा बन्सेन बर्नर पेटवायचं काम सर किंवा लॅबचे भाऊच करतात. मुलं लांबून बघतात, आणि बारावीच्या प्रॅक्टिकलला एकदम क्षार ओळखायला बसतात. मला हे मुळीच पटत नाही. ज्या बडोद्यात १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा उभी राहिली, त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनाचा माणूस तिचा पहिला प्रमुख झाला आणि रंगाई-छपाई मुलं हाताने शिकली, त्या बडोद्यातल्या मुलामुलींना ज्योतीची भीती वाटू नये. यातली कितीतरी मुलं पुढे कोयलीच्या रिफायनरीत नाहीतर आसपासच्या केमिकल कारखान्यांत जाणार आहेत. बर्नर ज्याने-त्याने स्वतः पेटवावा, शिक्षकांनी शेजारी उभं राहावं.

आधी गॅस कोणता ते विचारा

आपल्याकडे काही लॅबमध्ये पाइपचा नैसर्गिक गॅस असतो, तर काहींमध्ये सिलिंडरचा एलपीजी. बर्नर दिसायला सारखेच, पण आतल्या जेटचं, म्हणजे गॅस बाहेर सोडणाऱ्या तोटीचं, भोक वेगळं असतं. तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीतून नैसर्गिक गॅसच्या अडीचपट उष्णता मिळते, म्हणून एलपीजीचं भोक बारीक ठेवतात. हवेचा हिशोबही निराळा आहे. मिथेनच्या एका भागाला पुरं जळायला सुमारे १० भाग हवा लागते, प्रोपेनला सुमारे २४. नैसर्गिक गॅसचा बर्नर तसाच एलपीजीला जोडला, तर कॉलर, म्हणजे हवेची भोकं उघडणारं-झाकणारं खालचं कडं, कितीही फिरवा, ज्योत मोठी, पिवळी आणि काजळी धरणारीच राहते. मुलं बिचारी स्वतःला दोष देत बसतात. लॅबमध्ये लाइन बदलली असेल तर जेटही बदललेत का, हे विचारायला संकोच करू नका.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. नैसर्गिक गॅस हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. एलपीजी जड, तो टेबलाखाली आणि जमिनीलगत साचतो. तेव्हा एलपीजीच्या लॅबमध्ये नुसते वरचे झरोके उघडून भागत नाही, दारंही उघडी हवीत.

पेटवण्याआधी

रबरी नळी दोन्ही टोकांपाशी वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर ती नळी नको. शंका आली तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले की गळती नक्की. काडी लावून गळती शोधायची नसते.

केस मागे घट्ट बांधा. ओढणी काढून ठेवा किंवा पक्की खोचा. नायलॉन-पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं, म्हणून वरून सुती एप्रन आणि डोळ्यांना चष्मा. पंखा बंद. मे-जूनच्या बडोद्यात हे ऐकून मुलं कुरकुरतात आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण पंख्याच्या वाऱ्यात ज्योत लवते, विझते, आणि विझलेल्या बर्नरमधून गॅस येतच राहतो. त्यापेक्षा प्रॅक्टिकल सकाळच्या तासांना ठेवावं.

पेटवणे

कॉलर फिरवून हवेची भोकं पूर्ण बंद करा. मग काडी ओढा, बाजूने बर्नरच्या नळीच्या तोंडाजवळ धरा, आणि त्यानंतर टेबलावरचा गॅसचा कॉक उघडा. हा क्रम उलटा करू नका. कॉक आधी उघडला, तर काडी पेटेपर्यंतच्या काही क्षणांत गॅस जमतो आणि भपकन पेट घेतो. तोंड बर्नरवर वाकलेलं नसावं, हातही वरून नको.

आता पिवळी, डोलणारी ज्योत दिसेल. कार्बनचे कण तापून चमकतात म्हणून ती पिवळी. तिच्यावर चंचुपात्र धरलं की तळ काळा होतो. तापवायला ती निकामी, पण लांबूनही दिसते. काम थांबलं की बर्नर याच ज्योतीवर ठेवायचा. निळी ज्योत खिडकीच्या उन्हात जवळजवळ दिसत नाही आणि वही उचलताना बाही तिच्यातून जाते.

तापवायचं असेल तेव्हा कॉलर हळूहळू उघडा. पिवळेपणा जातो, ज्योत ताठ होते, सूं असा आवाज येऊ लागतो आणि आत फिकट निळा सुळका उमटतो. गॅस जळायच्या आधीच हवेत मिसळून घ्यायचा, ही रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बन्सेनच्या बर्नरची सारी करामत. १८५५च्या सुमारास हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत पीटर देसागा या कारागिराने त्याच्यासाठी तो घडवला.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने करून बघावीच. उदबत्तीची मसाला नसलेली बांबूची काडी बर्नरच्या नळीच्या तोंडाच्या किंचित वर, निळ्या ज्योतीत आडवी धरा आणि सेकंदभरात काढून घ्या. काडीवर दोन करपलेले डाग दिसतील, मधला भाग कोरा. आतल्या सुळक्यात गॅस अजून जळलेलाच नसतो. सर्वात जास्त आच, साधारण १५०० अंश सेल्सिअस, त्या सुळक्याच्या टोकाच्या जरा वर असते. चंचुपात्र किंवा मूस तिवईवर ठेवताना ती जागा तळाशी येईल असं बघा. हे डाग एकदा पाहिले की बर्नर कुठे ठेवायचा हे कुणी सांगावं लागत नाही.

तापवणे

परीक्षानळी एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. होल्डरने तिच्या तोंडाजवळ धरा, तिरकी ठेवा आणि तिचं तोंड भिंतीकडे करा, ना आपल्याकडे, ना शेजारच्याकडे. फक्त बूड तापवलं तर खालचं पाणी एकदम उसळून बाहेर येतं. म्हणून द्रवाच्या वरच्या पातळीपासून सुरुवात करून नळी सतत हलवत राहा. अल्कोहोल, ॲसिटोन, ईथर उघड्या ज्योतीवर कधीच नाही. अल्कोहोल आणि ॲसिटोन गरम पाण्यात नळी बुडवून तापवावं, तेही बर्नर विझवून. ईथर असेल तर खोलीत ज्योतच नको. तिवईवर जुनी ॲस्बेस्टॉसची जाळी असेल तर ती बाजूला ठेवून सिरॅमिकची मागा.

ज्योत परीक्षेत क्षार तारेवर घेऊन ज्योतीत धरतात आणि रंगावरून त्यातला धातू ओळखतात. तिला सबंध निळी ज्योत हवी. तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून ज्योतीत धरा, रंग येईनासा होईपर्यंत पुन्हा-पुन्हा. मगच क्षार घ्या. तारेच्या टोकाला बोट लागलं की घामातल्या मिठाचा सोनेरी पिवळा रंग येतो आणि विद्यार्थी सोडियम लिहून मोकळा होतो. कॅल्शियम विटकरी, स्ट्राँशियम किरमिजी, बेरियम पोपटी, तांबं निळसर हिरवं. पोटॅशियमचा फिकट जांभळा रंग सोडियममुळे झाकला जातो, तो निळ्या कोबाल्ट काचेतून बघा. असल्याच ज्योतीतल्या प्रकाशाचा वर्णपट तपासून बन्सेन आणि भौतिकशास्त्रज्ञ किर्खॉफ यांनी १८६० साली सीझियम हे मूलद्रव्य शोधलं.

बिघडलं तर

हवा जास्त आणि गॅस कमी झाला की फट् आवाज होऊन ज्योत नळीच्या आत उतरते आणि खाली जेटपाशी जळत राहते. वरून बर्नर विझल्यासारखा वाटतो, पण नळी आणि कॉलर तापत जातात. कॉलरला हात लावू नका. टेबलावरचा कॉक बंद करा, बर्नर पूर्ण निवू द्या, भोकं बंद करून पुन्हा पेटवा. याउलट ज्योत नळीपासून सुटून वर तरंगायला लागली, तर गॅस थोडा कमी करा.

चंचुपात्रातल्या द्रवाने पेट घेतला तर फुंकू नका आणि उचलूनही नेऊ नका. आधी बर्नरचा कॉक बंद करा, मग वर घड्याळकाच (काचेची उथळ बशी) किंवा ओलं फडकं टाका. गॅसचा वास आला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. ज्योती विझवा, मुख्य कॉक बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर या. एलपीजीच्या गळतीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. पाइपचा गॅस असेल तर पुरवठादाराचा क्रमांक लॅबच्या दारावर मोठ्या अक्षरात लिहिलेला हवा.

भाजलं तर तो भाग लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका. फोड आला किंवा जखम मोठी असेल तर थेट दवाखाना.

बंद करणे

आधी कॉलर फिरवून ज्योत पिवळी करा, मग टेबलावरचा कॉक बंद करा. तास संपला की मुख्य कॉक किंवा सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद. तिवई आणि जाळी बराच वेळ गरम राहतात आणि गरम आहेत हे दिसत नाही, म्हणून उचलण्याआधी हाताची मागची बाजू जवळ नेऊन आच लागते का ते बघा. रबरी नळी गरम बर्नरभोवती गुंडाळून कपाटात ठेवू नका.